सहलीची खासगी बस नको, तिकीट मुलांनाच काढू द्या



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीचं वारं वाहू लागतं. बैठक होते, दोन-तीन ठिकाणांची नावं पुढे येतात. एखादं वॉटर पार्क, एखादं रिसॉर्ट, फार तर एखादा किल्ला. खासगी बस ठरते, माणशी रक्कम ठरते. मग वर्गातली पाच-सहा मुलं "मला गाडी लागते", "घरी लग्न आहे" असं काहीबाही सांगून नाव देत नाहीत. खरं कारण काय ते आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण ते कारण वहीत तसंच लिहून घेतो.

माझं मत सरळ आहे. ठाणे, मुलुंड, भांडुप, घाटकोपर अशा लोकलच्या रुळांना लागून असलेल्या भागात ज्यांची शाळा आहे, त्यांनी वर्षातली निदान एक सहल आपल्याच शहरात काढावी, आणि तीही लोकलने व बेस्टच्या बसने. हातात मोबाइल असावा, पण तो वाट दाखवण्यापुरता. खर्च वाचतो हे खरं, तरी माझं मुख्य कारण ते नाही. आपल्या शहरात स्वतःचं स्वतः फिरता येणं हाच मला शिकवण्यासारखा धडा वाटतो, आणि आपण तो अभ्यासक्रमाबाहेर ठेवला आहे.

आता थोडा विचार करा. आज आपण आठवीतल्या मुलीला लोकलने नेत नाही, "रिस्क नको" म्हणतो. दोन-तीन वर्षांनी तीच मुलगी दहावी पास होते, तिला चार स्टेशनं पलीकडच्या कॉलेजात प्रवेश मिळतो, आणि पहिल्याच दिवशी सकाळच्या गर्दीत ती एकटी प्लॅटफॉर्मवर उभी असते. स्लो आणि फास्ट यांतला फरक, इंडिकेटर कसा वाचायचा, महिलांचा डबा कुठे येतो, चुकीच्या गाडीत चढलो तर काय करायचं, यातलं काहीही शाळेने तिला सांगितलेलं नसतं. मग रिस्क नक्की कुठे असते?

ठाण्याहून निघणाऱ्या शाळेसाठी एक मार्ग सुचवते. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी, आणि ओढायला साहिब, सिंध व सुलतान नावाची तीन इंजिनं. हा परिच्छेद मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. ज्या स्टेशनावर ती गाडी पोचली तिथूनच आपण रोज ये-जा करतो, हे मात्र त्यांच्या लक्षात आलेलं नसतं. तेव्हा तीच वाट उलट दिशेने करायची. मुद्दाम स्लो लोकल पकडायची. साधारण तासभर लागतो आणि तो तास म्हणजे एक चालता-फिरता वर्ग असतो.

स्टेशनांची नावंच घ्या ना. चिंचपोकळीत चिंच दिसते, सायनचं मूळ नाव शीव, म्हणजे हद्द, वेस. सँडहर्स्ट हा मुंबईचा गव्हर्नर. 'मशीद' या स्टेशनाचं नाव तर जवळच्या एका जुन्या ज्यू प्रार्थनास्थळावरून पडलं असं सांगतात. ते 1796 साली बेने इस्रायल समाजातल्या दिवेकरांनी बांधलं. घरात मराठी बोलणारे हे ज्यू आपल्या कोकण किनाऱ्यावरचे, आणि आसपासचे लोक त्यांच्या प्रार्थनास्थळालाही मशीदच म्हणत. नावावरून आपण किती चटकन अर्थ लावून मोकळे होतो, यावर यापेक्षा चांगलं उदाहरण मला फळ्यावर देता येणार नाही. कुर्ला आलं की आणखी एक तारीख सांगता येते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. म्हणजे विजेवर चालणारी, शेकडो माणसं एकदम नेणारी वाहनं हा काही कालपरवाचा शोध नाही. मुंबईत त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर लगेच मोबाइल काढून फोटो काढू देऊ नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला जा आणि दहा मिनिटं नुसतं बघायला सांगा. दगडातले प्राणी शोधा म्हणावं, मग वेळ कसा जातो कळत नाही. बांधकाम 1878 ते 1888, वास्तुरचनाकार स्टीव्हन्स, जागतिक वारसा यादीत समावेश 2004 मध्ये, ही माहिती नंतर द्या. आधी दिली की मुलं ती लिहून घेतात आणि मान खाली घालतात.

तिथून बेस्टची दुमजली बस. 1937 पासून मुंबईत दुमजली बस आहेत. जुन्या डिझेलच्या 2023 मध्ये निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित दुमजली बस आली. तिचा पहिला मार्ग ए-115, सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए. मार्ग आणि क्रमांक बदलत असतात, म्हणून आदल्या रात्री बघून घ्यावं. हे काम शिक्षकाने करायचं नाही, मुलांनी करायचं.

वरच्या मजल्यावर बसल्यावर मुलांना एकच काम द्यावं: शेजारून जाणाऱ्या पन्नास गाड्यांत किती माणसं आहेत ते मोजा. वरून आत छान दिसतं. मग आपल्या बसमधली माणसं मोजा. पुढच्या दिवशी गणिताच्या तासाला सरासरी काढा, आणि तेवढी माणसं मोटारींनी न्यायची तर रस्त्यावर किती लांब रांग लागेल ते मैदानात पावलांनी मोजून दाखवा. आपल्या निबंधांच्या वह्यांत 'शाश्वत विकास' हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की त्यांचा अर्थ झिजून गेलाय. पावलांनी मोजलेली रांग मुलं सहसा विसरत नाहीत.

एनसीपीएला उतरलं की समुद्र. मरीन ड्राइव्हवरून चर्चगेटपर्यंत चालत जायचं. आपण चालतोय ती भराव घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन आहे, हे चालताना सांगावं. मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहा. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय: उंच टोकदार कमानी, कोरीव दगड. पश्चिमेला आर्ट डेको इमारती: गोलाई दिलेले सज्जे, सरळ ठळक रेषा. दोन्ही बाजू मिळून 2018 साली जागतिक वारसा यादीत गेल्या. मुलांना फक्त विचारायचं, "या दोन रांगांमध्ये काय काय वेगळं दिसतं?" गॉथिक हा शब्द त्यांना तिथे माहीत नसला तरी चालतो. पुढे हुतात्मा चौक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची आठवण, आणि तिथून चालत परत सीएसएमटी. सगळी तिकिटं मिळून माणशी खर्च शंभर रुपयांच्या आत राहतो. नाव न देणारी ती पाच-सहा मुलंही येऊ शकतात.

मोबाइलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण याबाबत आपण शिक्षक दोन टोकांवर असतो. काहींना तो सहलीत नकोच असतो, आणि काहींनी सगळी सहल त्याच्यावरच सोपवलेली असते. मी म्हणते, पाच मुलांच्या गटाला एक फोन, तोही गटाबरोबरच्या मोठ्या माणसाचा. एम-इंडिकेटरवर लोकलचं वेळापत्रक इंटरनेट नसतानाही दिसतं. चलो अॅपवर बस कुठवर आली ते कळतं. गुगल मॅपचा त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घेता येतो. दर टप्प्याला फोन एका वेगळ्या मुलाच्या हाती द्यायचा आणि गटाला वाट दाखवण्याची जबाबदारी त्याची. ठिकाणी पोचलो की फोन पिशवीत. इअरफोन तर नकोतच. कानात कोणीतरी बोलत असलं की मूल शेजारच्या माणसाला काही विचारत नाही, आणि फूटपाथवरच्या पुस्तकविक्रेत्याला विचारलेला प्रश्न मला कुठल्याही ध्वनिफितीपेक्षा मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट. फोनवर सापडणारी माहिती ही एकजात खरी नसते. राजाबाई टॉवरचंच बघा. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचं नाव द्यायला सांगितलं, हे ठीक. पण त्यांच्या दृष्टिहीन आईला घंटेच्या आवाजावरून संध्याकाळच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून हा टॉवर उभारला, ही गोष्टही त्याच सुरात सांगितलेली असते. गोष्ट गोड आहे, ऐकावी. पण इतिहास कोणता आणि आख्यायिका कोणती, हे सातवी-आठवीच्या मुलांनी विचारायला शिकावं.

आता सुरक्षेचं बघू. पालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. गर्दीच्या वेळी चाळीस मुलं लोकलमध्ये चढवणं हा वेडेपणा होईल. सकाळी अकराच्या सुमाराला निघावं आणि दुपारी साडेतीन-चारच्या आत परतीची गाडी धरावी, म्हणजे दोन्ही वेळची गर्दी टळते. शनिवार बरा. रविवारी मेगाब्लॉक असतो. चाळीस मुलांचे आठ गट, प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस, आणि बसमध्ये दोन तुकड्या करून चढायचं. सीएसएमटीला बस सुटतेच तिथून, त्यामुळे चढायला घाई होत नाही. गट चुकला तर काय, हे आधी वर्गात ठरवून ठेवायचं: गाडी सुटली तर आतले पुढच्या स्टेशनवर उतरतात, बाहेरचे जागेवर थांबतात. पालकांच्या ग्रुपवर तीन ठरलेल्या वेळी निरोप टाकला की पुरे. दर दहा मिनिटांनी फोन येत राहिले तर शिक्षकाचं लक्ष मुलांवर राहत नाही. मुख्याध्यापक आणि शिक्षण विभागाची परवानगी लागते तशी लागणारच, तिला फाटा देऊ नये.

गटाबरोबर मोठी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न हमखास येतो. अहो, आपल्या वर्गातच आहेत ती. कुणाची आई रोज पहाटेची लोकल पकडून दादरच्या फुलबाजारात जाते, कुणाचे बाबा फोर्टमधल्या कार्यालयात शिपाई आहेत, कुणाचा काका बेस्टमध्ये कंडक्टर. पालकसभेत ही माणसं मागच्या बाकावर बसतात आणि प्रगतिपुस्तकावर सही करून निघून जातात. या सहलीत त्यांच्याइतकं जाणकार दुसरं कोणी नसतं. कुठला डबा पुलासमोर येतो, दार कुठल्या बाजूला उघडणार, उतरायची तयारी किती आधी करायची, हे ती मुलांना सांगतात आणि त्यांचं स्वतःचं मूल ते सगळ्यांदेखत ऐकतं.

ज्यांच्या गावात लोकल नाही, त्यांनीही एसटीचा विचार करावा. शैक्षणिक सहलींसाठी एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते. आणि शाळा पुण्यात असेल तर पीएमपी आणि मेट्रो आहेच, शनिवारवाडा काही लांब नाही.

परत आल्यावर 'माझी सहल' हा निबंध देऊ नका, कृपा करून. त्याऐवजी प्रत्येक गटाने एका टप्प्यावर दीड-दोन मिनिटं बोलून शिक्षकाच्या फोनवर ध्वनिमुद्रण करावं: इथे कसं यायचं, काय बघायचं, कुणाला विचारायचं. आठ गट, आठ ध्वनिफिती. पुढच्या वर्षीच्या सातवीला त्या घरी, आदल्या रात्री ऐकायला द्या. कुठे माहिती चुकली असेल तर ती मुलं तिथे उभी राहून दुरुस्त करतील आणि आपली नवी करून ठेवतील.