भिंत, आडवाट आणि नागरिकाचा अधिकार

सरकारने उभारलेली भिंत चुकवून एखाद्या नागरिकाने आपल्या मित्राचा निरोप वाचला, तर तो अपराधी ठरतो काय? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. सन २०२० च्या प्रारंभी तो काश्मीरमध्ये प्रत्यक्ष उभा राहिला होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर अद्यापि मिळालेले नाही.

दि. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री तेथील इंटरनेट बंद करण्यात आले. दि. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या अर्जावर निर्णय दिला. इंटरनेटद्वारे विचार व्यक्त करणे व व्यापार करणे यांस घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे. बेमुदत बंदी कायद्यास मान्य नाही. बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. मात्र बंदी तात्काळ उठवा, असा थेट आदेश दिला नाही.

त्यानंतर मंदगती टू-जी सेवा सुरू झाली, ती अशी की, यादीतील संकेतस्थळे तेवढी खुली आणि बाकीचे जग बंद. कंपन्यांना फायरवॉल बसविण्यास सांगण्यात आले. दि. २४ जानेवारीच्या यादीत ३०१ नावे होती. समाजमाध्यमांना तीत स्थान नव्हते. एरवी कायदा काय निषिद्ध आहे ते सांगतो व उरलेले नागरिकास मोकळे असते. येथे हा न्यायच उलटा झाला. जे अनुज्ञात म्हणून लिहिले नाही, ते सारे निषिद्ध!

तेव्हा लोकांनी आडवाट शोधली. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे एक मधला निरोप्या होय. आपली मागणी इष्ट स्थळी थेट न जाता प्रथम त्याच्याकडे जाते; तो ती पुढे नेतो व उत्तर आणून देतो. पहाऱ्यावरील फायरवॉलला केवळ या निरोप्याचा पत्ता दिसतो. व्हीपीएन तर सारी वाहतूक सांकेतिक लिपीत गुंडाळून नेते. अधिकाऱ्यांनी या वाटा एकामागून एक बुजविण्याचा खटाटोप केला, आणि दि. १७ फेब्रुवारी रोजी समाजमाध्यमांच्या दुरुपयोगाच्या आरोपावरून श्रीनगर येथे गुन्हा नोंदविला. त्यात दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याची कलमे लावण्यात आली. पुढे दि. ४ मार्च रोजी समाजमाध्यमांवरील बंदी उठली. फोर-जी सेवा सर्वत्र सुरू होण्यास मात्र ५ फेब्रुवारी २०२१ उजाडावी लागली.

अफवा व हिंसेची चिथावणी रोखणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांसही ते मान्य आहे. परंतु चिथावणी हा गुन्हा असेल तर शिक्षा चिथावणीस द्यावी, वाटेस नव्हे. ज्या वाटेने चिथावणीखोर जातो, त्याच वाटेने विद्यार्थी, व्यापारी व रोग्याचा नातलगही जात असतो.

तथापि आडवाट म्हणजे अधिकार नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मधला निरोप्या कोण, हे बहुधा कोणास ठाऊक नसते. फुकट मिळणाऱ्या प्रॉक्सीचा मालक आपण कोठे जातो याची नोंद ठेवू शकतो. मजकूर सांकेतिक नसेल तर तो वाचूही शकतो. दि. २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने तर व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे व पत्ते ५ वर्षे जपून ठेवावेत असे फर्माविले, आणि कित्येक परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलविले.

याहून मोठा दोष निराळाच आहे. आडवाट सापडते ती ज्यास ज्ञान आहे व साधन आहे त्यास. मजूर, विडी वळणारी स्त्री, खेड्यातील विद्यार्थी हे भिंतीच्या आतच राहतात. आणि जो शिकलेला भिंतीखालून निसटला, त्याचा भिंतीविरुद्धचा आवाजही मंदावतो. अशा रीतीने भिंत टिकते, आणि तिचा भार दुर्बळावर पडतो.

म्हणून आडवाटेने जाणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये, असे आमचे सांगणे आहे. प्रत्येक बंदीचा हुकूम प्रसिद्ध व्हावा, त्यात कारण व मुदत लिहिलेली असावी, आणि ती नसल्यास घटनेच्या ३२ व्या व २२६ व्या कलमांचे दार ठोठवावे. राजमार्ग सर्वांचा असतो. तो खुला करून घेणे, हेच नागरिकत्वाचे खरे लक्षण होय.