चूक न्यायासनाची, शिक्षा कैद्याला

कोंडून ठेवलेल्या माणसाला न्यायासनापुढे हजर करा आणि त्याला का कोंडले ते सांगा, अशी न्यायालयाची आज्ञा म्हणजे हेबियस कॉर्पस. आपल्या राज्यघटनेनेही हा हक्क मान्य केला असून मराठीत त्याला बंदीप्रत्यक्षीकरण म्हणतात. तुरुंगाच्या भिंतीला असलेली ही खिडकी केवळ तारखेच्या हिशेबाने कशी बंद होते, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ओहायो राज्यातील एका इसमाला १९९९ साली खुनाबद्दल शिक्षा झाली. त्याचा हेबियस कॉर्पसचा अर्ज संघीय न्यायालयाने सप्टेंबर २००३ मध्ये फेटाळला. अपिलाची ३० दिवसांची मुदत हुकली, तेव्हा त्याने ती पुन्हा खुली करून मागितली. अशा वेळी कायदा १४ दिवस देतो. १० फेब्रुवारी २००४ रोजी न्यायाधीशांनी विनंती मान्य केली. मात्र आदेशात २७ फेब्रुवारीपर्यंतची, म्हणजे १७ दिवसांची मुदत लिहिली. कैद्याचे अपील २६ फेब्रुवारीला दाखल झाले. आदेशाप्रमाणे ते एक दिवस आधी होते, कायद्याप्रमाणे दोन दिवस उशिरा!

१४ जून २००७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कैद्याला परत पाठविले. कायद्याने घातलेल्या मुदतीला न्यायालय अपवाद करू शकत नाही, असे न्या. थॉमस यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. न्यायालयाच्या शब्दावर विसंबलेल्या पक्षकाराला आसरा देणारे १९६२ व १९६४ सालचे निर्णयही त्यांनी मोडीत काढले. न्या. सूटर यांनी तीव्र भिन्नमत नोंदविले.

मुदती नसतील तर खटले संपणार कसे, मृताच्या आप्तांना शांती मिळणार कशी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मुदत हवीच, पण ती आळशाला हलविण्यासाठी. येथे आळस कोणी केला? वकिलाने कायद्याचे पुस्तक उघडायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो: न्यायाधीशाच्या स्वाक्षरीचा आदेश खोटा असेल असे धरून चालायचे, तर मग विश्वास ठेवायचा कोणावर?

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. १९९६ च्या कायद्याने अशा अर्जांना एक वर्षाची मुदत घातली. वकिलाच्या घोर हलगर्जीमुळे ती हुकली, तर सवलत मिळू शकते, असे त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली फ्लोरिडातील एका कैद्याच्या प्रकरणात मान्य केले. म्हणजे वकिलाच्या अपराधाला उतारा आहे, न्यायाधीशाच्या चुकीला नाही!

आपल्याकडे प्रतिबंधक स्थानबद्धतेत याच्या उलट दंडक आहे. बंदिवानाच्या निवेदनावर सरकारने विनाकारण विलंब लावला, तर स्थानबद्धताच रद्द होते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा ठरविले आहे. तारखेचा धाक कोंडणाऱ्याला असावा, हीच खरी रीत. अर्थात १९७६ साली, आणीबाणीत, याच न्यायालयाने ही खिडकी पूर्ण मिटली होती आणि ती चूक २०१७ साली स्पष्टपणे दुरुस्त झाली, हे विसरून आम्ही गर्व करणार नाही.

हा कैदी निर्दोष होता, असे आमचे म्हणणे नाही. दोषी माणसालाही न्यायालयाचा शब्द खरा मानण्याचा अधिकार आहे, एवढेच आम्ही म्हणतो. न्यायाधीशांचे हात कायद्याने बांधले असतील, तर ते सोडविणे विधिमंडळाचे काम आहे. चूक ज्याची, भरपाई त्याची, हा आपल्या बाजारातला साधा नियम न्यायमंदिराला जड का व्हावा?