बॉनेटखालची निरक्षरता

दसऱ्याला आपण मोटारीला झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्या बॉनेटच्या आत काय आहे याची मात्र आपल्यापैकी बहुतेकांना गंधवार्ता नसते. गाडीचे हप्ते फेडून झाले तरी ती आपल्याला पुरती परकीच राहते.

हल्ली सर्व्हिसिंगच्या बिलात 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग' अशी एक ओळ हमखास सापडते. तेल, फिल्टर, ब्रेक यांच्या गर्दीत ती सहज खपून जाते. हे काय प्रकरण आहे, असे काउंटरवरच्या तरुणाला विचारले, तर 'करून घेतलेलं बरं असतं, काका' एवढेच उत्तर मिळते. आणि आपण सही करतो.

वास्तविक प्रकरण साधे आहे. फिल्टरमधून गाळून आलेली हवा इंजिनात जाते, त्या वाटेवर धातूची एक आखूड नळी असते आणि नळीत नाण्यासारखी गोल, चपटी झडप. पेट्रोल गाडीत आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा ही झडप उघडते. म्हणजे पायाने आपण सोडतो ती हवा. तिच्या प्रमाणात पेट्रोल किती द्यायचे, हा हिशेब गाडीतला संगणक करतो. इंजिनातली तेलाची वाफ प्रदूषण टाळण्यासाठी पुन्हा याच हवेच्या वाटेत सोडलेली असते. तिचा काळा, चिकट थर झडपेच्या कडेला साचत जातो. गाडी जागच्या जागी सुरू असताना झडप जवळजवळ मिटलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन कडेच्या फटीतूनच श्वास घेते. ती फट बुजू लागली की सिग्नलला गाडी थरथरते, कधी बंदच पडते.

यावरचा उपाय सुट्टीच्या सकाळी घरी करता येतो. आधी गाडीसोबत आलेले पुस्तक वाचावे. इंजिन थंड असावे, जागा मोकळी असावी, जवळपास विडी-काडी नसावी, कारण सफाईचा द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरीची ऋण तार सोडवावी. नव्या गाड्यांत झडप मोटरवर चालते आणि बोट चिमटण्याची भीती असते. मग क्लिप सैल करून हवेची रबरी नळी काढावी. थ्रॉटल बॉडीसाठी मिळणारा द्रव मऊ फडक्यावर घेऊन थर हलक्या हाताने पुसावा. खरवडू नये, कारण काही झडपांवर मुद्दाम दिलेला पातळ लेप असतो; तो गेला तर दुरुस्तीच दुखणे होऊन बसते. सारे जोडल्यावर इंजिन काही वेळ अडखळेल, मग बहुतेक गाड्या स्वतःच सावरतात. काहींना मात्र संगणक जोडून नव्याने शिकवावे लागते. तिथे मेकॅनिक हवाच.

एकेकाळी ही विद्या घरोघरी होती. स्टोव्हला पिन मारणे, स्कूटर तिरकी करणे, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, यासाठी कुणी इंजिनिअर लागत नसे. मग काळ बदलला, आणि तो चांगल्या कारणाने बदलला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात युरो मानके सक्तीची केली. पुढे देशभर टप्प्याटप्प्याने नियम कडक होत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. कार्ब्युरेटर गेला, संगणक आला, हवेत जाणारा धूर कमी झाला. परंतु त्याच फेऱ्यात नाक्यावरचा मेकॅनिक बाहेर फेकला गेला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना मोकळेपणाने मिळू दिली जात नाहीत, असा निष्कर्ष काढून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या, हेही ओघानेच आले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीच्या हक्का'चे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारीही आहेत. पण हक्क बजावायचा तर आधी वस्तू थोडीफार कळावी लागते.

माझे उभे आयुष्य बँकेत व्हाउचर तपासण्यात गेले. व्हाउचर ज्याने केले त्यानेच ते पास करायचे नाही, हा तिथला पहिला धडा. माणूस लबाड असतो म्हणून नव्हे, तर दुसरी नजर नसली की प्रामाणिक माणसाचीही सवय सैल होते म्हणून. सर्व्हिस सेंटरमध्ये बिघाड शोधणारा, उपाय सांगणारा, काम करणारा आणि बिल करणारा पक्ष एकच असतो. दुसरी नजर आपली असायला हवी, आणि तीच आपण मिटून घेतलेली आहे.

'वेळ कुणाला आहे?' असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाने हात काळे करावेत असा माझा आग्रह नाही. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावण्यापूर्वी अटी वाचाव्यात. पण हे काम एकदा करून पाहिलेला माणूस पुढच्या वेळी काउंटरवर वेगळ्या आवाजात बोलतो. 'जरा उघडून दाखवा, थर किती आहे ते पाहू,' असे तो म्हणतो. त्या एका वाक्याने पैसे वाचतील किंवा वाचणार नाहीत. पण त्या वाक्याला गिऱ्हाईक कचरू लागले, की दवाखान्यात, विमा कचेरीत आणि बँकेतही ते मुकाट सही करू लागते.