विश्लेषण : पूलच्या टेबलाकडे परतताय? आधी काय घ्यावे, काय टाळावे?

कॉलेजच्या दिवसांत तास बुडवून पूल पार्लरमध्ये रमलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. मुले मोठी होतात, संध्याकाळचा एखादा तास मोकळा मिळू लागतो आणि पाय पुन्हा टेबलाकडे वळतात. पहिल्या दोन-चार दिवसांत एकेकाळचे हमखास शॉट चुकतात आणि मोबाइलवर खरेदीचा शोध सुरू होतो. नवी क्यू, कार्बनचा शाफ्ट, ग्लोव्ह, परदेशी चॉक... यादी वाढतच जाते. यांतले खरोखर उपयोगाचे काय आणि केवळ हौसेचे काय?

खरेदीपूर्वी कोणता प्रश्न विचारावा?

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर खेळाडूने नेमके काय गमावलेले असते? कोन कसा पाहायचा, पांढरा बॉल कुठे थांबवायचा, ही समज बहुतेक शाबूत असते. हरवलेले असते ते सातत्य. एकच शॉट दहा वेळा मारला तर दहाही वेळा हात सारखा जात नाही. म्हणून साहित्य निवडताना ‘याने माझा खेळ सुधारेल का?’ हा प्रश्न चुकीचा आहे. ‘याने माझा आजचा शॉट कालच्यासारखाच सुरू होईल का?’ हा प्रश्न विचारावा.

दुसरी कसोटी पैशांची. प्रत्येक वस्तूची किंमत आपल्या क्लबच्या तासाच्या भाड्याने भागून पाहावी. एखादी वस्तू चाळीस तासांच्या भाड्याएवढी असेल, तर ती चाळीस तासांच्या सरावाइतका फायदा देणार आहे का? बहुतेक महागड्या वस्तू या हिशेबात बसत नाहीत. काही स्वस्त वस्तू मात्र अगदी सहज बसतात.

क्यूच्या टोकाला एवढे महत्त्व का?

शॉट मारताना टिप आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरते. तेवढ्यात वेग, दिशा आणि फिरकी हे सगळे ठरून जाते. चामड्याच्या टिपचे श्रेय फ्रान्सच्या फ्रांस्वा मिंगो यांना दिले जाते आणि तो काळ १८०७ च्या सुमाराचा. त्याआधी क्यूचे टोक नुसतेच लाकडी होते, त्यामुळे मध्यापासून जरा बाजूला मारले की क्यू सटकत असे. चामडे आल्यावरच फिरकीचा खेळ खऱ्या अर्थाने शक्य झाला.

पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो. त्याच्या मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरपर्यंतच टिप बॉलला धरून राहू शकते. त्यापलीकडे चांगली टिपही सटकते, म्हणजे ‘मिसक्यू’ होतो. टिप चपटी, गुळगुळीत आणि चकचकीत झाली असेल तर ही मर्यादा आणखी आत येते. पार्लरमधल्या सामाईक क्यूंची अवस्था बहुधा अशीच असते.

म्हणूनच परतणाऱ्या खेळाडूचा पहिला खर्च मध्यम कडकपणाच्या चांगल्या टिपवर व्हावा. ती जाणकाराकडून बसवून घ्यावी. टिपचा गोलावा तपासायला घरातले नाणे पुरते. २० ते २२ मिलिमीटर व्यासाचे एक रुपयाचे नाणे टिपमागे उभे धरावे आणि दोन्ही कडांचा बाक साधारण जुळतो का ते पाहावे. सोबत टिपचा पृष्ठभाग खरखरीत ठेवणारे छोटे साधन घ्यावे. दोन्ही मिळून खर्च अगदी मर्यादित असतो आणि फरक पहिल्याच संध्याकाळी जाणवतो.

चॉक म्हणजे खडूच ना?

नाव खडूचे असले तरी आजचा चॉक हा फळ्यावरचा खडू नाही. अमेरिकेतील बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये नव्या मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यात सिलिका आणि घासणीला वापरतात तसला कठीण, खरखरीत पदार्थ होता. आजच्या चॉकचे मूळ तेच. टिप आणि बॉल यांच्यातले घर्षण वाढवणे एवढेच त्याचे काम.

भरपूर चॉक लावला की भरपूर फिरकी मिळते, हा गैरसमज आहे. संपूर्ण टिपवर एक पातळ, सारखा थर पुरतो. मात्र तो प्रत्येक शॉटआधी हवा. चॉकच्या वडीला मधोमध खड्डा पडेपर्यंत क्यू गरगर फिरवण्याची सवय मोडावी. त्याने टिपच्या कडांना नीट चॉक लागत नाही, आणि फिरकीच्या शॉटला नेमकी कडच बॉलला लागते. ब्रशने रंग द्यावा तसा चॉक टिपवरून हलकेच फिरवावा.

स्वतःची एक वडी खिशात असावी. महाग चॉक बॉलवर आणि कापडावर कमी डाग पाडतो, हा त्याचा खरा गुण. डाग पडलेला भाग दोन बॉलच्या नेमक्या टकरीच्या जागी आला, तर घर्षण वाढून लक्ष्य बॉल किंचित वेगळ्या दिशेने जातो. पण डाग पुसायला पाच मिनिटे आणि एक मऊ मायक्रोफायबरचा रुमाल पुरतो. दोहोंतला स्वस्त पर्याय कोणता, हे सांगायला नको.

स्वतःची क्यू घ्यावी का?

घ्यावी, पण साधी. रोज वेगळ्या वजनाची, वेगळ्या जाडीची आणि किंचित वाकलेली क्यू हाती आली तर सातत्य येणार कुठून? पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब आणि १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम वजनाची असते. १९ औंसांपासून सुरुवात करणे बहुतेकांना सोयीचे जाते.

आपल्याकडे एक वेगळी अडचण संभवते. स्नूकरचा उगमच १८७५ मधल्या जबलपूरचा मानला जातो आणि भारतात बिलियर्ड्स-स्नूकरची परंपरा जुनी आहे. त्यामुळे अनेकांचा हात ९ ते १० मिलिमीटर टिपच्या स्नूकर क्यूवर तयार झालेला असतो. पूल क्यूची टिप १२ ते १३ मिलिमीटरची असते. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, तर पूलचा त्याहून मोठा आणि १५६ ते १७० ग्रॅम वजनाचा. ज्यांचा हात बारीक टिपवर बसला आहे, त्यांनी विकत घेण्याआधी दोन्ही प्रकारच्या क्यूने आठवडाभर खेळून पाहावे.

घेताना क्यू डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी टोकापर्यंत पाहावी. बाक लगेच कळतो. दोन भागांची क्यू असेल तर सांधा घट्ट बसतो का, हेही तपासावे. घेतल्यावर ती भिंतीला तिरकी टेकवून किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. लाकूड ओलावा पिते आणि उष्णतेने वाकते. म्हणून साधी पण आतून मऊ अस्तराची केस ही चैन नाही, ती क्यूचा विमा आहे.

कार्बन शाफ्टचे काय?

कार्बन शाफ्ट दमटपणाने वाकत नाही, पुसायला सोपा जातो. त्याचा आणखी एक फायदा सांगितला जातो. क्यूने बॉलच्या उजव्या बाजूला मारले की बॉल किंचित डावीकडे सरकून निघतो आणि डाव्या बाजूला मारले की उजवीकडे. क्यूचे टोक जितके हलके, तितके हे सरकणे कमी. हे खरे आहे. पण जुन्या खेळाडूच्या हाताला लाकडी क्यूच्या सरकण्याचा अंदाज आपोआप असतो. नव्या शाफ्टवर तो अंदाज चुकतो आणि जुने शिकलेले आधी विसरावे लागते. तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांत या खर्चात पडू नये. खेळ स्थिरावल्यावर मित्राची क्यू मागून घ्यावी, खेळून पाहावे आणि मग ठरवावे.

ग्लोव्ह, पावडर यांचा उपयोग किती?

मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हा प्रश्न दिखाव्याचा उरत नाही. घामाने शाफ्ट चिकट होतो, बोटांमध्ये अडकत सरकतो आणि शॉट ऐन वेळी वळतो. पावडरने तात्पुरते भागते. पण ती घामात मिसळून चिखल होते आणि टेबलाच्या कापडावर पांढरे पट्टे उमटतात. त्यापेक्षा तीन बोटांचा ग्लोव्ह चांगला. खरेदी करताना एक चूक मात्र हमखास होते. ग्लोव्ह क्यू धरणाऱ्या हाताचा नसतो, तर टेबलावर टेकवलेल्या हाताचा असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हाताचा घ्यावा.

थंड, कोरड्या हवेत किंवा वातानुकूलित क्लबमध्ये खेळणाऱ्यांना ग्लोव्हची गरज भासेलच असे नाही. किंचित ओल्या फडक्याने शाफ्ट पुसून लगेच कोरडा केला तरी पुरते. पॉलिश पेपर मात्र शाफ्टला लावू नये. दर वेळी थोडे थोडे लाकूड झिजून शाफ्ट बारीक होत जातो.

सगळ्यात उपयोगी वस्तू क्यूच्या दुकानात मिळत नाही?

चाळिशीनंतर परतणाऱ्यांसाठी तरी या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. प्रस्तुत लेखक सोळा वर्षांच्या खंडानंतर टेबलाकडे परतला, तेव्हा पहिला महिना लांबचे शॉट सातत्याने चुकत होते. आधी टिप बदलली, मग क्यू बदलली. शेवटी क्लबमधला मार्कर म्हणाला, ‘‘साहेब, स्टिक बरोबर आहे. तुम्ही दर वेळी मान उचलताय.’’ मान उचलली जात होती, कारण प्रोग्रेसिव्ह चष्म्याची वरची कड नेमकी नजरेच्या आड येत होती. हनुवटी क्यूजवळ नेली की आपण काचेच्या अगदी वरच्या भागातून पाहतो. मग दिसावे म्हणून डोके आपोआप वर येते आणि खांद्याची, हाताची सगळी रेषाच बदलते.

ही अडचण मोठमोठ्या खेळाडूंनाही आली आहे. उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर वर उंच उचललेल्या, जणू उलट्या बसवलेल्या मोठ्या काचांच्या खास चष्म्यासाठी ओळखला जाई. १९८५ च्या जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०-८ असा मागे पडला होता. शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर त्याने १८-१७ असा विजय मिळवला, तो हाच चष्मा लावून.

आपल्याला एवढा खास चष्मा नको. नेत्रतपासनिसाला सरळ सांगावे की मान खाली घालून सुमारे अर्ध्या मीटरपासून अडीच मीटरपर्यंत पाहायचे आहे. नऊ फुटी टेबलाचा खेळण्याचा भाग २५४ बाय १२७ सेंटिमीटर असतो, त्यावरून हे अंतर आले. एकाच क्रमांकाची काच आणि वरची कड उंच असलेली फ्रेम बहुधा पुरते. आणि शक्य तर तपासणीच्या खुर्चीत खेळताना वाकतो तसे वाकून दाखवावे. तिथे संकोच केला, तर त्याची किंमत पुढची काही वर्षे मोजावी लागते.

पाठीचेही तेच. लांबच्या बॉलसाठी अंग ताणून टेबलावर झोपण्यापेक्षा रेस्ट वापरावी. क्लबमध्ये ती फुकट असते. ‘रेस्ट म्हातारे वापरतात’ हा कॉलेजमधला समज कॉलेजमध्येच सोडून द्यावा. किमान एक पाय जमिनीला टेकलेला हवा हा नियमही आहेच, त्यामुळे न घसरणाऱ्या तळव्याचे बूटही कामाचे.

काय टाळावे?

वेगळी ब्रेक क्यू आणि जंप क्यू सुरुवातीला नको. काही क्लब जंप शॉट मारूच देत नाहीत आणि कडक टिपने होणारा जोरदार ब्रेक त्यांना बॉलच्या काळजीपोटी नको असतो. लेझरने रेषा दाखवणारी साधनेही टाळावीत. ती असताना रेषा दिसते, नसताना दिसत नाही, आणि सामन्यात ती नसतात. नक्षीकाम, जडावाचे हँडल, कोरलेले नाव यांत हौस आहे आणि हौसेला मोल नसते हेही मान्य. फक्त तो खर्च खेळाच्या खात्यात मांडू नये.

मग क्रम कसा असावा?

प्रथम चष्मा तपासून घ्यावा. मग चॉकची वडी, रुमाल आणि टिप खरखरीत ठेवणारे साधन. दमट गावात राहत असाल तर ग्लोव्ह. महिनाभर नियमित गेलात, तर साधी सरळ क्यू, तिला चांगली टिप आणि केस. बाकी सगळे पैसे टेबलाच्या भाड्याला ठेवावेत.

अनेक घरांत कपाटावर एखादी महागडी क्यू धूळ खात पडलेली असते. ती घेणारा माणूस खेळातून बाद झाला तो हात गेला म्हणून नव्हे. क्यू आली की जुना खेळही परत येईल, असे त्याला वाटले होते. तो आला नाही आणि दुसऱ्यांदा टेबल सोडणे पहिल्यापेक्षा जड गेले. जुना खेळ परत येतो, पण तासातासाने येतो. साहित्याने त्या तासांची जागा घेऊ नये. ते तास वाया जाऊ नयेत एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवावी.