लिव्हर म्हटलं की दारूच का आठवते?

अंगावर पुरळ नाही, तरी रात्री तळहात-तळपाय खाजतात. झोपून उठलं तरी थकवा जात नाही. आपल्या घरांतल्या अम्मी, खाला, फुफी हे कधीतरी सांगतात आणि आपण ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचं पाणी देतो. बहुतेकदा कारण साधंच असतं. पण कधी ते पित्तनलिकांत असतं.

‘प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिस’ या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते. त्या सुजतात, हळूहळू नष्ट होतात. पित्त तुंबतं आणि यकृतात व्रण साचत जातात. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया, बहुतेक चाळिशीपुढच्या. कावीळ दिसते ती फार उशिरा.

हा आजार दारूने होत नाही. जुन्या नावात ‘सिऱ्होसिस’ हा शब्द होता. त्याला चिकटलेला दारूचा कलंक पुसावा, हेही एक कारण धरून २०१५ मध्ये नाव बदललं. आपली नजर मात्र बदललेली नाही. जिने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तीही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लिव्हरचं दुखणं लपवते. आणि समजा कुणी पीत असेल, तरी आजाऱ्याला आधी इलाज हवा, फतवा नव्हे.

रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज आणि एएमए या तपासण्यांवरून बहुतेकदा निदान होतं. अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, तर अनेकींचा आजार मंदावतो. अम्मीला सब्जा जरूर द्या, पण खाज आणि थकवा हटत नसेल तर डॉक्टरकडेही न्या.