पंपात अडकलेली दोरी

पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या बाजूच्या किनाऱ्यावर ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांना एक दृश्य नवे नाही. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, आणि एखादा खलाशी मागच्या बाजूस उकिडवा बसून पंख्याच्या दांड्याला आवळून बसलेला नायलॉनच्या जाळ्याचा गुंता कोयत्याने कापून काढीत असतो. काम कंटाळवाणे खरे, पण निदान व्याधी डोळ्यांना दिसते. पंखा उघड्यावर आहे, दोरी उघड्यावर आहे, हात तेथवर पोहोचतो.

अलीकडे आपल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणारे वॉटर स्कूटर नावाचे जे वाहन आले आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. अलिबाग, काशीद, गणपतीपुळे, तारकर्ली येथे ते सरसहा दिसते. पालघर जिल्ह्यातील किनाऱ्यांवरही मुंबईकडून येणारा सुटीचा लोंढा वाढतो आहे, आणि लोंढ्यामागून ही वाहने येतात असा सर्वत्रचा अनुभव आहे. या वाहनाला बाहेर पंखा नसतो. तळाशी असलेल्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, इंपेलर नावाचे पात्यांचे चक्र त्याला रेटते, पुढे स्थिर पाती त्याचा पीळ काढतात, आणि मागच्या निमुळत्या तोंडातून तो झोत बाहेर फेकला जातो. वाहन पुढे जाते ते या झोताच्या बळावर, आणि वळते तेही झोताचे तोंड डावीउजवीकडे फिरवून. त्याला होडीसारखे स्वतंत्र सुकाणू नसते.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली किंवा दांड्याला दोरी गुंडाळली गेली की झोत मंदावतो, आणि झोत मंदावला की वाहन केवळ हळू चालते असे नाही, ते वळेनासे होते. समोर कमरेइतक्या पाण्यात माणसे डुंबत असताना हँडल कितीही फिरवले तरी उपयोग नाही. मोटारीचा वेग आणि तिचे चाक एकाच दोरीने एकाच वेळी निकामी व्हावे, तसा हा प्रकार आहे.

मूळ कल्पना मात्र सुरक्षिततेच्याच बाजूची होती. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात तेथील उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी अशा जेट बोटी घडविल्या, कारण उघडा पंखा त्या नद्यांत टिकत नसे. सर एडमंड हिलरी यांनी १९७७ साली याच जातीच्या बोटी गंगासागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध नंदप्रयागच्या जवळपर्यंत नेल्या आणि त्या एका धबधब्यापाशी थांबल्या, हे त्या पिढीतील वाचकांना स्मरत असेल. उघडे पाते नसल्यामुळे पाण्यातील माणसालाही इजा कमी. परंतु दगडगोट्यांसाठी केलेल्या या यंत्राची गाठ आज नायलॉनशी पडली आहे. सुताची आणि तागाची जुनी जाळी तुटली तर समुद्रात कुजून जात. नायलॉनचे जाळे कुजत नाही. ते वाळूत रुतते, भरतीबरोबर पुन्हा उठते. नदीनाल्यांतून येणारे प्लास्टिक त्यात भर घालते. आपला किनारा उथळ, गढूळ आणि काही ठिकाणी खडकाळ असल्यामुळे वाळू व बारीक खडे यांचीही मेजवानी पंपाला मिळते. वाहनाखाली दोन-तीन फूट पाणी असल्याखेरीज इंजिन सुरू करू नये, हा साधा नियम गिऱ्हाईक किनाऱ्यावर उभे असताना किती पाळला जातो, हे कोणत्याही रविवारी पाहून घ्यावे.

बिघाडाची खूण चालकाला लगेच कळते. इंजिन जोराने ओरडते, पण वाहन त्या मानाने पुढे सरकत नाही. पात्याच्या पाठीशी दाब उतरून वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. तंत्रज्ञ याला कॅव्हिटेशन म्हणतात, आणि त्याने धातूच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. अशा वेळी करावयाचे पहिले काम म्हणजे इंजिन बंद करणे व मनगटाला बांधलेली सुरक्षा-दोरी काढून घेणे. पंपाच्या तोंडात हात घालण्यापूर्वी हे न करणाऱ्याची बोटे शाबूत राहतील याची हमी कोणी देऊ नये. त्यानंतर वाहन पाण्याबाहेर घ्यावे, जाळी काढावी, गुंता ओढून नव्हे तर कापून काढावा. बहुतेकांची दुरुस्ती येथे संपते. खरी दुरुस्ती येथे सुरू होते.

इंपेलर ज्या कडीत फिरतो, ती कडी आणि पात्यांची टोके यांतील अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असते. खड्याने कडी ओरखडली आणि ते अंतर वाढले की पाणी पुढे जाण्याऐवजी पात्याच्या टोकावरून मागे निसटते. ही कडी पुष्कळ बनावटींत मुद्दामच मऊ पदार्थाची केलेली असते. तिने झिजावे आणि महागडा इंपेलर वाचवावा, एवढ्यासाठीच तिचा जन्म आहे. म्हणून फीलर गेजने चारही बाजूंनी अंतर मोजावे, जास्त भरल्यास कडी बदलावी. पात्याच्या कडेला बारीक खोच असेल तर कानशीने गुळगुळीत करता येते. पाते वाकले असेल तर ते ठोकून सरळ करण्याचा मोह टाळावा. इंपेलर जाणत्या कारागिराकडून भरून, तोलून घ्यावा किंवा नवा बसवावा. तोल गेलेला इंपेलर थरथरतो, ती थरथर बेअरिंग खाते, मग दांडा जेथे वाहनाच्या पोटात शिरतो तेथील सील सैल होते आणि पाणी आत येऊ लागते. बोटभर दोरीपासून बुडण्यापर्यंतचा प्रवास असा लहान लहान पायऱ्यांचा आहे. मधली प्रत्येक पायरी तपासणीत सापडण्याजोगी असते.

कोणी म्हणेल, हौसेच्या खेळण्याची एवढी चिंता अग्रलेखाच्या पानावर कशाला? ते खेळणे चालविणारी मुले किनाऱ्यावरच्या गावांतील असतात, आणि त्यांना फेरीच्या हिशेबाने राबविले जाते. बंद वाहन म्हणजे बुडालेली मजुरी. तेव्हा खोच पडलेल्या पात्यावर आणखी चार फेऱ्या मारण्याचा निर्णय मालकाचा की पोराचा, हे अपघातानंतर ठरविणे कठीण जाते. शिवाय हा पंप केवळ हौशींचा नाही. तटरक्षक दलाच्या अनेक वेगवान इंटरसेप्टर बोटी याच तत्त्वावर धावतात. वॉटर स्कूटरचा उपयोग जगभर बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठीही होतो. मदतीला निघालेले वाहनच पिशवीने गुदमरले तर काय, हा प्रश्न करमणुकीचा नव्हे.

आश्चर्य हे की या दुरुस्तीला लागणारी विद्या आपल्या दाराशी आहे. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक, औषधी, कापडाचे कारखाने आहेत, आणि असे कारखाने पंपांवाचून एक पाळीही चालत नाहीत. इंपेलरची झीज, कडीचे अंतर, सीलची गळती, कॅव्हिटेशनचा खडखडाट हे तेथील फिटरच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राने, देशातील पहिल्या अणुवीज केंद्राने, १९६९ साली व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली, ती याच समुद्राचे पाणी शीतनासाठी घेऊन. समुद्राचे पाणी यंत्रात घ्यायचे तर आधी ते गाळून घ्यावे लागते, हा त्या पंपगृहातला पहिला धडा. एवढे ज्ञान आठ-दहा मैलांच्या परिघात असताना किनाऱ्यावर मात्र बिघडलेल्या पंपासाठी मुंबईच्या कारागिराची वाट पाहावी लागावी, किंवा अंदाजपंचे हातोडी चालावी, ही आपल्या व्यवस्थेची खास तऱ्हा आहे. कारखान्याचे शिक्षण कारखान्यापुरते आणि किनाऱ्याचे दारिद्र्य किनाऱ्यापुरते, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. त्या बंदराला मच्छीमारांचा जो विरोध आहे तो सर्वश्रुत आहे, आणि त्यातील पुष्कळ भाग न्याय्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण बंदर आले तर टग येतील, पायलट बोटी येतील, त्यांची इंजिने व पंप येतील. त्या कामांवर बाहेरून आणलेले तंत्रज्ञ असतील की सातपाटी-दांडीची मुले, हे आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या वर्गात काय शिकविले जाते त्यावर ठरेल. सागरी इंजिन व जेट पंप यांच्या दुरुस्तीचा एक छोटा अभ्यासक्रम, वसाहतीतील अनुभवी फिटर मंडळींना अध्यापनास बोलावून, या जिल्ह्यात सुरू करणे कठीण नाही. इमारत नको, एक जुने इंजिन, दोन मोडके पंप आणि मोजण्याची हत्यारे पुरेत.

महाराष्ट्र सागरी मंडळ जलक्रीडांना परवानगी देते. त्या परवानगीच्या अटींत जीवरक्षक जाकिटांच्या शेजारी पंपाच्या तपासणीची नोंदवहीही स्पष्ट शब्दांत असावी: कोणत्या दिवशी जाळी उघडली, अंतर किती भरले, काय बदलले, सही कोणाची. पावसाळ्यात जलक्रीडा बंदच असतात. तेच महिने या कामाला योग्य. आणि पंपातून किंवा पंख्यातून कापून काढलेली दोरी वाळूवर फेकली तर पुढच्या उधाणाला ती पुन्हा पाण्यात जाते, म्हणून तिला जाण्यासाठी जागा हवी. केरळात कोल्लम येथे २०१७ साली मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लास्टिक बंदरावर आणून द्यावे, ते दळून रस्त्याच्या कामी लावावे, अशी योजना सुरू झाली. सातपाटीला सहकाराची परंपरा जुनी आहे. बंदरावर एक वजनकाटा, एक निवारा आणि आणलेल्या कचऱ्याला किलोमागे काही दर, एवढे जिल्हा परिषदेने व मच्छीमार सहकारी संस्थांनी मिळून येत्या बंदीच्या काळात करून दाखवावे.