हळदीचा दावा आणि पेशीचे मरण

औंढा तालुक्यातील शिरड शहापूर हे हळदीच्या मुलखातले गाव; शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा मुलखात हळदीचा अभिमान असणे रास्तच आहे. परंतु हळदीतील कुर्कुमिन कर्करोगाच्या पेशींतील आरएनएवर अंमल चालवून त्यांना मरणास प्रवृत्त करते हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले असल्यामुळे रोग्याने शस्त्रक्रियेच्या व औषधांच्या मागे न लागता हळदच घ्यावी, असे जेव्हा प्रतिपादिले जाते, तेव्हा त्या दाव्याचा पुरावा तपासणे प्राप्त होते.

या पूर्वपक्षात सत्यांश नाही असे मी म्हणत नाही. बिघडलेल्या पेशीने शिस्तीने स्वतःचा अंत करावा अशी शरीराची व्यवस्था आहे, आणि स्वतः प्रथिने न घडविणारे, म्हणून दीर्घकाळ उपेक्षिलेले आरएनए या व्यवस्थेवर हुकमत ठेवतात. अशा आरएनएंपैकी मायक्रोआरएनए-२१ पुष्कळ कर्करोगांत वाजवीहून वाढलेला आढळतो व पेशीला मरणाकडे नेणाऱ्या पीडीसीडी-४ या प्रथिनाची निर्मिती दाबतो. काचपात्रातील काही पेशींवर कुर्कुमिन घातले असता तो घटतो, हेही खरे. परंतु पोटात गेलेले कुर्कुमिन अत्यल्प शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचेही आतडी व यकृत त्वरित रूपांतर करतात. सबब काचपात्रातील निकाल रोग्याच्या देहास लागू करणे हा न्याय नव्हे.

खरा पुरावा कसा उभा राहतो ते पाहावे. एका दीर्घकालिक रक्तकर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गहाळ असतो, त्यात मायक्रोआरएनए-१५ व १६ यांचे ठाणे असल्याचे संशोधक कालिन, क्रोचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखविले. हे दोघे बीसीएल-२ या मृत्युरोधक प्रथिनास आवरतात, हे २००५ साली उघड झाले. त्याच प्रथिनास रोखणारे, निराळ्या संशोधनातून आलेले व्हेनेटोक्लॅक्स २०१६ साली अमेरिकेत या रोगावर मंजूर झाले, ते रोग्यांवरील चाचण्यांच्या कसोटीस उतरल्यावरच. उलट, मायक्रोआरएनए-३४ च्या प्रतिरूपाचेच औषध करून रोग्यांना देण्याची चाचणी त्याच वर्षी गंभीर दुष्परिणामांपायी थांबवावी लागली. प्रत्यक्ष रेणू हाती असता ही गत, तेथे चमचाभर हळदीच्या भरवशावर रोग्याचे प्राण कसे सोपवावेत?

म्हणून शिरड शहापूरच्या माझ्या बांधवांना कळकळीची विनंती : तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्यावर हळद लावीत न बसता त्यास तपासणीस न्यावे; आणि उपचार चालू असता कुर्कुमिनच्या गोळ्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज देऊ नयेत.